महाविद्यालयीन महिला गोल्फ प्रशिक्षक (अमेरिका)

अमेरिकेतील विद्यापीठे व महाविद्यालये यांच्या महिला गोल्फ संघासाठी खेळाडू निवडणे, त्यांचा सराव घेणे आणि स्पर्धेत त्यांना मार्गदर्शन करणे ही जबाबदारी असलेला पेशा. पूर्णवेळ पगारी पेशा म्हणून त्याचा विकास मुख्यतः १९७२ नंतर झाला. त्याआधीची तीन दशके हे काम शारीरिक शिक्षण विभागातील अध्यापिका आपले वर्ग सांभाळून करीत असत. त्यामुळे या पेशाचा आरंभ कोणत्या वर्षापासून धरावा, याबाबत एकमत नाही. हा वाद केवळ तारखेचा नाही, कारण एखाद्या प्रशिक्षिकेच्या नावावर किती राष्ट्रीय विजेतेपदे मांडायची, हेही त्यावरच ठरते.

आरंभाविषयीची मते : सर्वांत जुनी तारीख १९४१ ची दिली जाते. ओहायो स्टेट विद्यापीठात महिलांच्या शारीरिक शिक्षण विभागाच्या प्रमुख असलेल्या ग्लॅडिस पामर यांनी त्या वर्षी उन्हाळ्यात कोलंबस येथे विद्यापीठाच्या मैदानावर महाविद्यालयीन महिलांची राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा भरवली. अलाबामा विद्यापीठाच्या एलिनॉर डडली यांनी ती जिंकली. त्या काळी महिला शारीरिक शिक्षणतज्ज्ञांच्या संघटनांचा आंतरमहाविद्यालयीन चुरशीला विरोध होता. विजेतेपदापेक्षा सर्व मुलींचा सहभाग महत्त्वाचा, अशी त्यांची भूमिका होती आणि तिच्यामागे पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळांतील पैसा व गैरप्रकार यांची खरीखुरी भीती होती. महिलांच्या स्पर्धांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय संघटना असावी, हा पामर यांचा प्रस्ताव याच वर्तुळाने फेटाळला. तरीही स्पर्धा भरली. युद्धामुळे पडलेला खंड सोडला, तर १९४६ पासून ती चालू राहिली.

दुसऱ्या मतानुसार १९४१ ची स्पर्धा निमंत्रितांची आणि केवळ वैयक्तिक स्वरूपाची होती. संघच नव्हते, म्हणून संघाचे प्रशिक्षकही नव्हते. या मताला पुष्टी देणारी उदाहरणे आहेत. १९४७ ची विजेती शर्ली स्पोर्क आणि १९४९ ची विजेती मॅरिलिन स्मिथ या दोघी पुढे १९५० मध्ये महिला व्यावसायिक गोल्फ संघटनेच्या १३ संस्थापक सदस्यांपैकी झाल्या, पण महाविद्यालयात त्यांना ना संघ मिळाला ना प्रवासखर्च. स्मिथ यांनी पुढे सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. या स्पर्धेला जाण्याच्या खर्चासाठी त्यांच्या वडिलांनी कॅन्सस विद्यापीठाचे नामवंत बास्केटबॉल प्रशिक्षक फॉग ॲलन यांची भेट घेतली, तेव्हा तुमची मुलगी मुलगा नाही हे दुर्दैव, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले.

तरीही १९४१ कडे झुकण्यास कारण आहे. पामर यांची स्पर्धा पुढे कोणी चालवायची, हा प्रश्न १९५६ च्या सुमारास निर्माण झाला आणि त्यासाठी महिला शिक्षणतज्ज्ञांच्या संघटनांना संयुक्त समिती नेमावी लागली. महाविद्यालयीन महिला खेळांचे राष्ट्रीय प्रशासन या समितीपासून टप्प्याटप्प्याने आकाराला आले आणि १९७१ मध्ये ‘असोसिएशन फॉर इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक्स फॉर विमेन’ (एआयएडब्ल्यू) ही संघटना स्थापन झाली. म्हणजे ज्या संघटनेने महिला प्रशिक्षकपदाला मान्यता दिली, तिच्या मुळाशी ही गोल्फ स्पर्धा होती. नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथील महिला महाविद्यालयात अनेक वर्षे गोल्फ शिकवणाऱ्या एलन ग्रिफिन यांच्यासारख्या अध्यापिकांचे कामही याच काळातले. महिला व्यावसायिक संघटनेचा गोल्फ शिक्षणासाठीचा पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

कायद्याचा परिणाम : २३ जून १९७२ रोजी संमत झालेल्या ‘टायटल नाइन’ या तरतुदीने केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई केली. एआयएडब्ल्यूने क्रीडा शिष्यवृत्त्यांवर आरंभी घातलेली बंदी १९७३ मध्ये न्यायालयीन दाव्यानंतर उठली. मग शिष्यवृत्ती कोणाला द्यायची, हे ठरवणारी व्यक्ती लागली आणि प्रशिक्षकपदाला वजन आले. पगार वाढले तशी या पदांकडे पुरुषांचीही रीघ लागली. ब्रुकलिन महाविद्यालयाच्या लिंडा कारपेंटर व व्हिव्हियन अकोस्टा यांच्या दीर्घकालीन पाहणीनुसार सर्व खेळांतील महिला संघांच्या प्रशिक्षकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण १९७२ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक होते, ते २०१४ पर्यंत सुमारे ४३ टक्क्यांवर आले. समान संधीच्या कायद्याचा हा परिणाम त्याच्या पुरस्कर्त्यांनी अपेक्षिलेला नव्हता.

१९८१–८२ मध्ये पुरुषांच्या स्पर्धा चालवणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ने (एनसीएए) महिलांच्या स्पर्धाही सुरू केल्या. एआयएडब्ल्यूचे कामकाज १९८२ मध्ये थांबले आणि तिने गुदरलेला मक्तेदारीविरोधी दावाही फेटाळला गेला. तेव्हापासून एनसीएएच्या अधिकृत नोंदी १९८२ पासून सुरू होतात.

मॅकनमारा यांची कारकीर्द : या नोंदपद्धतीतील उणीव टल्सा विद्यापीठाच्या डेल मॅकनमारा यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ओक्लाहोमातील नामांकित हौशी खेळाडू असलेल्या मॅकनमारा यांनी १९७४ मध्ये तेथील महिला संघ उभा केला आणि २००० मध्ये निवृत्त होईपर्यंत तो सांभाळला. नॅन्सी लोपेझ त्यांच्याच संघातून १९७६ ची राष्ट्रीय विजेती ठरल्या. दोन वर्षांनी लोपेझ यांनी व्यावसायिक गोल्फमध्ये एका हंगामात नऊ स्पर्धा जिंकल्या. टल्साने १९८० मध्ये एआयएडब्ल्यूचे, १९८२ मध्ये एकाच हंगामात एआयएडब्ल्यू व एनसीएए या दोन्ही संघटनांचे आणि १९८८ मध्ये पुन्हा एनसीएएचे विजेतेपद मिळवले. विद्यापीठाच्या हिशेबी ही चार राष्ट्रीय विजेतेपदे, तर एनसीएएच्या यादीत दोनच. खेळाडू त्याच, मैदानावरची चुरसही तीच. अशा स्थितीत चार हा आकडा अधिक न्याय्य मानावा लागतो.

१९८८ चे वैयक्तिक विजेतेपद मॅकनमारा यांची कन्या मेलिसा यांना मिळाले. व्यावसायिक खेळानंतर आईच्याच जागी टल्साच्या प्रशिक्षिका झालेल्या मेलिसा (विवाहानंतर लुएलन) २००२ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठात गेल्या. तेथे लिंडा व्होल्स्टेट यांनी १९८० ते २००१ या काळात सहा एनसीएए विजेतेपदे (१९९०, १९९३, १९९४, १९९५, १९९७, १९९८) मिळवून दिली होती. लुएलन यांनी २००९ मध्ये सातव्याची भर घातली. आठवे २०१७ मध्ये मिसी फार-के यांच्या काळात आले. फार-के १९९० च्या विजेत्या संघात खेळाडू आणि २००९ मध्ये साहाय्यक प्रशिक्षिका होत्या. हा पेशा पदवी अभ्यासक्रमातून नव्हे, तर एका प्रशिक्षिकेच्या हाताखाली राहून पुढे गेला, असे या परंपरेवरून म्हणता येते.

पुरुष प्रशिक्षकांत डॅन ब्रुक्स यांचे स्थान वेगळे आहे. १९८४ मध्ये ड्यूक विद्यापीठाची सूत्रे घेतल्यानंतर त्यांच्या संघांनी १९९९ ते २०१९ या काळात सात विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी तीन (२००५–०७) सलग. नव्या पिढीत स्टॅनफर्डच्या ॲन वॉकर (२०१५, २०२२, २०२४) या स्कॉटलंडहून आलेल्या प्रशिक्षिका अग्रगण्य आहेत. त्यांच्या संघातील रोझ झँग यांनी २०२२ व २०२३ असे सलग दोनदा वैयक्तिक विजेतेपद मिळवले. असे करणाऱ्या त्या पहिल्याच.

कामाचे स्वरूप : संघात पाच जणी खेळतात आणि प्रत्येक फेरीत सर्वांत कमी फटक्यांच्या चौघींची बेरीज धरली जाते. ७२, ७३, ७५, ७६ व ८४ अशा फेऱ्या झाल्यास संघाच्या फटक्यांची बेरीज २९६ होते, ८४ वगळले जातात. कोणत्या दिवशी कोणाची फेरी वगळली जाईल हे आधी कळत नसल्याने पाचव्या जागेसाठीची निवड अवघड ठरते. एखादी कमाल खेळी करणारी पण लहरी खेळाडू घ्यावी की रोज ७६ च्या आसपास राहणारी, हा निर्णय प्रशिक्षकाचा असतो. २०१५ पासून एनसीएएच्या अंतिम स्पर्धेत स्ट्रोक प्लेनंतर (एकूण फटके मोजण्याची पद्धत) पहिले आठ संघ मॅच प्लेमध्ये (दोन खेळाडूंमधील थेट लढतींची पद्धत) उतरतात. तेथे पाच लढतींपैकी तीन जिंकणारा संघ पुढे जातो. येथे एकही लढत वगळली जात नाही, म्हणून दुबळी पाचवी खेळाडू उघडी पडते.

गोल्फच्या सर्वसाधारण नियमांनुसार फेरी चालू असताना खेळाडूला कॅडीखेरीज (खेळाडूची पिशवी वाहणारा मदतनीस) कोणाचा सल्ला घेता येत नाही. सांघिक स्पर्धेत मात्र नियम २४ अन्वये सल्लागार नेमण्याची मुभा देता येते आणि महाविद्यालयीन प्रशिक्षक तिचा उपयोग करतात. पाच खेळाडू मैदानभर विखुरलेल्या असल्याने कोणाबरोबर चालायचे, हे त्यांना सतत ठरवावे लागते. प्रत्यक्षात कामाचा मोठा भाग मैदानाबाहेरचा, म्हणजे शालेय खेळाडूंच्या शोधाचा असतो. नियमांप्रमाणे खेळाडूच्या शालेय दहाव्या इयत्तेनंतरच्या १५ जूनपूर्वी प्रशिक्षकाला तिच्याशी प्रवेशासंबंधी थेट संपर्क साधता येत नाही.

एनसीएएच्या प्रथम विभागातील, म्हणजे सर्वोच्च स्तरावरील, महिला गोल्फ संघाला दीर्घकाळ सहा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर तिच्यात सामील झालेल्या विद्यापीठांसाठी ही मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघात जास्तीत जास्त नऊ खेळाडू हा नियम आला.