जड पिस्तूल जास्त झटका का मारतं? वॉल्थर पीपीके आणि ग्लॉक ४२

इंदूरात बंदुकांवर अधिकाराने बोलणारे लोक भरपूर आहेत. महूची लष्करी छावणी जवळच, बिजासन रोडला बीएसएफचं हत्यारांचं स्कूल, शिवाय गोळीबाराच्या सरावाची रेवती रेंज (तीच, जिथे जुलै २०२४ मध्ये एका दिवसात १२ लाखांवर रोपं लावली), त्यामुळे आमच्या राजेंद्रनगरात एखादे रिटायर्ड फौजी काका कोणाच्या ना कोणाच्या घरी असतातच आणि त्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं की हत्यार जड असलं की झटका कमी बसतो. अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातही तेच लिहिलंय. पण दोन छोटी पिस्तुलं अशी आहेत की दोन्ही चालवलेले बरेच जण बरोब्बर उलटं सांगतात, आणि मला हा प्रश्न फार आवडतो कारण त्याचं उत्तर पिस्तुलाच्या पोटात आहे.

पहिलं जर्मनीचं वॉल्थर पीपीके, १९३१ सालचं, पूर्ण स्टीलचं, साधारण ६०० ग्रॅम. दुसरं ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचं ग्लॉक ४२, २०१४ मध्ये आलेलं, खालची बॉडी पॉलिमरची, रिकाम्या मॅगझीनसकट ३९० ग्रॅम. दोघांची लांबी १५ सेंटिमीटरच्या आसपास, बॅरल म्हणजे नळी सव्वाआठ, मॅगझीनमध्ये सहा गोळ्या, आणि काडतूसही एकच, .३८० एसीपी म्हणजे जॉन ब्राउनिंगने १९०८ मध्ये आणलेलं ९ एमएम शॉर्ट. तुलना करायला यापेक्षा चांगली जोडी मिळणं कठीण.

आता हिशोब करून बघू. या काडतुसाची गोळी ६ ग्रॅमपेक्षा थोडी जास्त, छोट्या बॅरलमधून वेग साधारण २९० मीटर सेकंदाला. गोळी जेवढा संवेग (वजन गुणिले वेग) पुढे घेऊन जाते तेवढाच पिस्तुलाला मागे मिळतो, बारुदाच्या गॅसचा वाटा सध्या सोडून देऊ. त्या हिशोबाने पीपीके सेकंदाला ३ मीटरने मागे यायला पाहिजे आणि ग्लॉक साडेचार मीटरने. एनर्जी काढली तर पीपीकेची अडीच ज्यूलच्या वर, ग्लॉकची ४ ज्यूल, म्हणजे ग्लॉकचा झटका दीडपट बसायला हवा. माझ्या भाचीला हे गणित दाखवलं तर ती लगेच म्हणाली, "मामा, मग लोक खोटं सांगतात का?" नाही. गणित बरोबर आहे आणि लोकही बरोबर आहेत, फक्त गणिताने एकूण धक्का किती ते सांगितलं, तो हाताला कसा आणि किती वेळात पोचतो ते सांगितलंच नाही.

पीपीकेमध्ये बॅरल फ्रेमला, म्हणजे मुठीसकट खालच्या बॉडीला, पक्की बसवलेली असते आणि स्लाइडला, म्हणजे मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाला, धरून ठेवणारं कुठलंही लॉक नसतं. गोळी पुढे निघते त्याच क्षणी काडतुसाचं रिकामं कवच स्लाइडला मागे ढकलायला लागतं, आणि गोळी बाहेर पडेपर्यंत स्लाइड फार सरकत नाही ती फक्त तिच्या वजनामुळे आणि मागच्या कडक स्प्रिंगमुळे. याला ब्लोबॅक म्हणतात. गोळीचा सगळा संवेग एकट्या स्लाइडमध्ये जातो. स्लाइड समजा २०० ग्रॅमची धरली तर ती सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने मागे निघते, स्प्रिंग थोडा वेग खाते आणि उरलेला घेऊन स्लाइड फ्रेमवर आदळते. टेबलाचा ड्रॉवर रागाने ओढला तर शेवटाला अडकून अख्खं टेबल हलतं ना, तसंच, आणि ते टेबल इथे तुमच्या हातात असतं.

ग्लॉकमध्ये गोळी सुटताना बॅरल आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात. दोघी मिळून काही मिलिमीटर मागे येतात, तोवर गोळी बाहेर गेलेली असते आणि प्रेशर पडलेलं असतं, मग बॅरलचा मागचा भाग खाली झुकतो, बॅरल फ्रेमवर थांबते आणि स्लाइड एकटी पुढचा प्रवास करते. म्हणजे संवेग आधी जास्त वजनात वाटला गेला, मग त्यातला एक हिस्सा बॅरल थांबताना उतरला, आणि शेवटी स्लाइड आदळते तेव्हा तिच्याकडे उरलेलं कमी असतं. धक्का तेवढाच पण हप्त्याहप्त्याने. स्प्रिंगही मग फार कडक लागत नाही, म्हणून ग्लॉक ४२ ची स्लाइड ओढायला सोपी, आणि पीपीकेची ओढताना बोटांत ताकद नसेल तर दमायला होतं.

दुसरी गोष्ट हाताची. बॅरल मुठीच्या जितकी वर तितकी नळी वर उसळते कारण धक्का मनगटाभोवती पिस्तूल फिरवतो. ग्लॉकची बॅरल हाताच्या जवळ बसते, आणि पॉलिमरची बॉडी थोडी लवचिकही असते. पीपीकेची मूठ मागून अरुंद, त्यामुळे सगळा जोर अंगठ्याजवळच्या लहानशा पट्टीवर येतो, शिवाय मोठ्या पंज्याच्या माणसाला मागे येणारी स्लाइड चामडीला घासून जाते. हे उसळणं किती महत्त्वाचं ते महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये तयार झालेल्या नेमबाज विजयकुमारने ज्या प्रकारात लंडनला २०१२ चं ऑलिंपिक सिल्व्हर घेतलं त्यात दिसतं, २५ मीटर रॅपिड फायर, शेवटच्या सिरीजला ४ सेकंदांत पाच वेगवेगळ्या टार्गेटवर पाच गोळ्या, म्हणून तिथे काडतूस छोटं .२२ चं आणि पिस्तुलांची बॅरल शक्य तितकी खाली.

ब्लोबॅक वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. पार्ट कमी, बॅरल हलत नाही म्हणून नेम चांगला, बनवायला सोपं. ग्लॉकनेसुद्धा याच काडतुसात आपली मॉडेल २५ आणि २८ ब्लोबॅकच केली होती. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने एवढी छोटी पिस्तुलं इंपोर्ट करणं अवघड केलं, त्यात पीपीके अडकलं आणि वॉल्थरने त्याचा वरचा भाग मोठ्या भावाच्या, पीपीच्या, फ्रेमवर बसवून पीपीके/एस काढलं. ग्लॉकने ४२ सरळ अमेरिकेतच, जॉर्जियातल्या स्मर्नात बनवायला घेतलं.

आणि पीपीकेवर अन्याय नको म्हणून एक सांगतो. हे पिस्तूल जास्त करून ७.६५ एमएममध्ये बनलं, आपल्याकडे लायसन्सवाले ज्याला ३२ बोर म्हणतात ते. ती गोळी साडेचार ग्रॅमच्या जरा वर, वेग थोडा कमी, संवेग .३८० पेक्षा जवळपास ३० टक्के कमी. त्या काडतुसात हेच पिस्तूल, हीच स्लाइड, हीच अरुंद मूठ, आणि मॅगझीनमध्ये एक गोळी जास्त; तिथे ते एकदम नीट वागतं, झटक्याची तक्रार मुख्यतः .३८० वाल्यांचीच.