किल्लारीची माळवदं आणि तैपेईचा मनोरा

लातूर-उमरग्याकडे कुणी सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला की घरातलं वडीलधारं माणूस हमखास विचारतं, "अन् भूकंप झाला तर?" 30 सप्टेंबर 1993 ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना ही धास्ती वाटणारच. पण किल्लारी, सास्तूर परिसरात त्या पहाटे सुमारे 10 हजार माणसं गेली, ती उंच इमारतींत नव्हे. ती गेली बैठ्या घरांत.

भूकंपात घरावर येणारा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. आपल्याकडच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगड मातीत रचलेले, वर माळवदाची, म्हणजे सपाट छपराची, जाड माती. उन्हाळ्यात हेच माळवद गारवा द्यायचं. पण भिंतीचे आतले-बाहेरचे थर एकमेकांना बांधलेले नव्हते. हादरा बसताच ते सुटले. कितीतरी ठिकाणी लाकडी खांब-तुळया उभ्याच राहिल्या आणि माणसं भिंतींखाली गाडली गेली.

दुसरी गोष्ट डोलण्याची. आखूड काठी झटक्यात थरथरते, लांब वेळू संथ हेलकावतो, इमारतींचंही तसंच. ढोबळ हिशेबाने दहा मजली इमारतीचा एक हेलकावा सुमारे 1 सेकंदाचा, दुबईच्या 828 मीटर उंच बुर्ज खलिफाचा सुमारे 11 सेकंदांचा. किल्लारीचा भूकंप उथळ होता, जवळचे धक्के जलद होते. असे धक्के बैठ्या, ताठ घरांना अधिक झोंबतात.

म्हणून उंची सुरक्षितच असते, असं मात्र नाही. 1985 साली मेक्सिको शहराखालच्या जुन्या तळ्याच्या मऊ गाळाने सुमारे 2 सेकंदांच्या लाटा फुगवल्या आणि नेमक्या मध्यम उंचीच्या इमारती कोसळल्या. अतिउंच मनोऱ्यांना तर बहुधा वारा अधिक छळतो. बुर्ज खलिफा वर जाताना टप्प्याटप्प्याने आकार बदलते, त्यामुळे वाऱ्याचे भोवरे एका लयीत येत नाहीत. तैवानच्या तैपेई 101 या मनोऱ्यात डोलणं कमी करायला 660 टनांचा पोलादी गोळा टांगला आहे.

संभाजीनगर, लातूर, नांदेडमध्ये मला खरी काळजी वाटते ती पार्किंगच्या मजल्याची. वर विटांच्या भिंती, खाली नुसते खांब. त्यामुळे सगळा वाकण्याचा ताण खालच्या खांबांवर येतो. 2001 च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशा अनेक इमारती खालच्या मजल्यातून मोडल्या. फ्लॅट बघायला गेलात तर मजले मोजण्याआधी पार्किंगमध्ये उतरा. तिथे जिन्या-लिफ्टभोवती काँक्रीटच्या सलग भिंती पायापर्यंत आल्या आहेत का, हे बिल्डरला विचारा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आराखडा मागा.