२१ मार्चचा नवरोज आणि ऑगस्टमधली पतेती, सरमिसळ नको

२१ मार्च आला की ग्रुपवर पारशांसाठी ‘हॅपी पतेती’ चालू होतं, आणि ऑगस्टमध्ये तेच लोक परत ‘हॅपी पतेती’ टाकतात. पण हे दोन वेगळे सण आहेत, दोघांचा हिशोब वेगळा, आणि पतेती तर या दोन्हींपैकी एकही नाही.

मार्चमधला तो जमशेदी नवरोज, थेट सूर्यावर बांधलेला. वसंत संपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो तो क्षण. इराणमध्ये नुसती तारीख बघत नाहीत, मिनिटं मोजतात. २०२५ ला हा क्षण आपल्या घड्याळात २० मार्चला दुपारी २.३१ ला आला. त्या वेळी घरचे सगळे ‘हफ्त सीन’ मांडून बसतात, फारसीत ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू, त्यात गव्हाचे हिरवे कोंब, लसूण, सफरचंद, व्हिनेगर वगैरे, शेजारी आरसा आणि रंगवलेली अंडी. आणि हा फक्त झरथुष्ट्र्यांचा, म्हणजे पारशांच्या धर्माच्या लोकांचा सण नाही बरं का, इराणातले मुसलमान, अफगाण, कुर्द, ताजिक सगळे करतात, २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही गेला. संपाताशी एवढी पक्की सांगड घातली गेली ती १०७९ मध्ये सेल्जुक सुलतान मलिकशाहच्या काळात, ते काम करणाऱ्या ज्योतिर्विदांमध्ये कवी उमर खय्याम होता!

ऑगस्टमधलं नववर्ष मात्र पारशांच्या शहेनशाही कॅलेंडरचं, त्याचा संपाताशी आता काही संबंध उरलेला नाही. तीस-तीस दिवसांचे बारा महिने आणि वर पाच गाथा दिवस, झाले ३६५, लीप वर्ष नाहीच. त्यामुळे दर चार वर्षांनी सण एक दिवस अलीकडे सरकतो, १९६० च्या आसपास तो ऑगस्ट संपता संपता यायचा आणि आता १५ ऑगस्टला येतो. वर्षाचे आकडे इराणचा शेवटचा सासानी बादशाह यझ्देगर्द गादीवर आला तिथून, इ.स. ६३२ पासून मोजतात. मुंबईतले बहुतेक पारशी मार्चचा नवरोजही आनंदाने करतात, पण त्यांचं साल बदलतं ऑगस्टमध्येच. लीप वर्ष धरणारं फसली कॅलेंडर पाळणारे तेवढे मार्चमध्येच नवं साल धरतात.

मग पतेती कुठली? ऑगस्टच्या नववर्षाच्या आदला दिवस, वर्षाचा शेवटचा. त्याआधी मुक्ताद असतं, तेव्हा अग्यारीत, म्हणजे पारशांच्या अग्निमंदिरात, दिवंगत माणसांच्या नावाने फुलदाण्या मांडतात, रोज ताजी फुलं, प्रार्थना. आणि पतेतीला वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागायची. इतक्या गंभीर दिवसाला ‘हॅपी’ लावणं मला खरंच खटकतं.

तेव्हा मार्चला ‘नवरोज मुबारक’ म्हणा, ऑगस्टला ‘साल मुबारक’. आणि प्लीज, शुभेच्छांसोबत धनसाकचा (डाळ-मटणाचा) फोटो नको, घरात कोणी गेलं की चौथ्या दिवशी करतात ते, सणाला धान-दार (भात-वरण) आणि आंबट-गोड पात्यो असतो, सकाळी गोड रवो आणि शेव.