स्पीकर फाटलाय की दार बोलतंय?

पावसाळा सरता सरता माझ्या अकरा वर्षं जुन्या गाडीला एक खोड लागली. डग्गा घुमला की पुढच्या डाव्या दारातून 'फर्र' असा आवाज यायचा, पतंगाचा कागद वाऱ्यावर फडफडावा तसा. बासरी, तंबोरा, रेडिओवरच्या बातम्या, सगळं स्वच्छ. अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातल्या मुलाने अर्धं गाणं ऐकून निकाल दिला, "स्पीकर फाटलाय काका. कंपनीचे असेच असतात. चारही बदलून टाका, वर एक अ‍ॅम्प बसवू." दाराला हातसुद्धा न लावता! जन्मभर फळ्यावर भौतिकशास्त्रातला लेंझचा नियम लिहिलेल्या माणसाला हे पचणं कठीण होतं.

स्पीकर ही मुळात फार साधी वस्तू आहे. १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी तिची जी रचना मांडली, तीच थोड्याफार फरकाने आज तुमच्या गाडीच्या दारात आहे. मागे एक चुंबक, त्यात अरुंद गोल खाच, खाचेत तरंगणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं म्हणजे व्हॉइस कॉइल, आणि त्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू. वेटोळ्यातून वीज गेली की चुंबक त्याला ढकलतो किंवा ओढतो, शंकू हवा हलवतो.

म्हणजे बिघडायच्या जागाही मोजक्याच. वेटोळं जळेल, ते खाचेत घासेल, शंकू किंवा त्याची कड फाटेल, नाहीतर तार तुटेल. घासणारं वेटोळं बोटांना कळतं. दोन्ही हातांची बोटं शंकूवर समोरासमोर ठेवून तो हलकेच आत दाबायचा. खरखर लागली तर समजा संपलं.

पण मला खरा लळा आहे तो दुसऱ्या परीक्षेचा. वीज दिली की वेटोळं हलतं, तसं वेटोळं हलवलं की त्यात वीज तयार होते. म्हणजे स्पीकर हा एक चिमुकला जनरेटरही आहे. स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवा आणि शंकूवर टिचकी मारा. 'ढब' असा जरा रेंगाळणारा आवाज येईल. आता स्पीकरची दोन टोकं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा आणि पुन्हा टिचकी मारा. आवाज आखूड होतो, 'ढप्'. तबल्यावर थाप मारून हात तसाच ठेवावा तसा. झालं काय? टिचकीने वेटोळं हललं, वीज निर्माण झाली, वाट बंद असल्यामुळे ती वेटोळ्यातूनच फिरली आणि जिच्यामुळे ती जन्मली त्या हालचालीलाच तिने विरोध केला. हाच लेंझचा नियम. वेटोळं तुटलेलं असेल तर वीज फिरायला वाटच नाही, मग टोकं जोडा नाहीतर सोडा, आवाज एकच. लहान स्पीकरमध्ये हा फरक बारीक असतो, कान द्यावा लागतो. पण ज्याने एकदा ऐकला तो मल्टीमीटर विसरतो.

तरी मल्टीमीटर लावाच. ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप. चार ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ दाखवतो, ते निरोगीपणाचंच लक्षण आहे. काही गाड्यांत मुळातच दोन ओहमचे असतात, म्हणून डाव्याची तुलना उजव्याशी करावी. एक फसगत सांगून ठेवतो. वरच्या छोट्या ट्वीटरला, म्हणजे बारीक आवाजाच्या स्पीकरला, बहुधा कपॅसिटर जोडलेला असतो. तो मीटरची एकाच दिशेने वाहणारी वीज अडवतो, त्यामुळे ट्वीटर धडधाकट असूनही मीटरवर मेलेला दिसतो. आणि स्टिरिओकडून येणारी स्पीकरची कुठलीही वायर गाडीच्या पत्र्याला टेकवू नका. बहुतेक गाड्यांत स्टिरिओ चालू असताना या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या निम्मा, सहा-सात व्होल्टचा दाब असतो.

वेटोळं जळतं कशाने? इथे '५० वॅट गुणिले ४' या खोक्यावरच्या आकड्याचा समाचार घ्यायला हवा. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात सुमारे १४.४ व्होल्ट. सुरेल लाटेचं शिखर त्याहून उंच जाऊच शकत नाही. शिखरावरून लाटेचा परिणामी दाब काढायला १४.४ ला १.४१ ने भागा, मग वर्ग करा, चार ओहमने भागा : २६ वॅट, तेही एका व्होल्टचीही गळती धरली नाही तर. मग ५० आले कुठून? आवाज इतका वाढवायचा की शिखर कापलं जाऊन लाटेचं पठार होतं. पूर्ण चौकोनी लाटेत तेवढ्याच उंचीत नेमकी दुप्पट शक्ती मावते : १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे ५२. हा आकडा खोटा नाही, पण तो ऐकण्याजोग्या संगीताचा नाही, किंकाळीचा आहे. या शक्तीतली जेमतेम एखादा टक्का आवाज होते, उरलेली वेटोळं तापवते. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध ३९ टक्के वाढतो, ३.६ चा ५ ओहम होतो. आवाज थोडा दबतो, आपण बटण आणखी पिळतो, आणि एक दिवस तारेवरचं पातळ आवरण जळतं. गुन्हेगार बहुधा स्पीकर नसतोच, बटणावरचं बोट असतं.

तर आमचं दार. बॅलन्स पूर्ण डावीकडे, पुढचे-मागचे स्पीकर कमी-जास्त करणारा फेडर पूर्ण पुढे : फर्र. दाराचं पॅड तळहाताने दाबून धरलं : तरी फर्र. पॅड काढलं. मीटरवर ३.६, उजव्या दारातही ३.६. शंकू लोण्यासारखा आत-बाहेर. तिन्ही स्क्रू काढून स्पीकर वायरीसकट बाहेर ओढला, हातात धरून तोच डग्गा वाजवला. काही नाही! खोल आवाज अर्थातच पातळ झाला, शंकूच्या मागची आणि पुढची हवा मिसळली की तसंच होतं, पण फरफर गेली. बॅटरी आत मारली तेव्हा दिसलं. दाराच्या आत पाणी अडवायला जो प्लॅस्टिकचा पडदा असतो, त्याच्या एका कोपऱ्याचा काळा चिकट गोंद सुटला होता आणि ती जीभ स्पीकरच्या पाठीला टेकत होती. गोंद हेअर ड्रायरने मऊ करून दाबला, वरून पट्टी मारली. खर्च शून्य.

पॅड निघालंच आहे म्हणून उत्साहात मागची दोन्ही दारंही उघडली. मागच्या उजव्या स्पीकरवर टिचकी मारली : ढब. टोकं जोडली : ढब. मीटर कोराच. शंकूकडे जाणारी लवचीक तार हिरव्या गंजाने खाऊन तुटली होती. तो केव्हा गेला ते कुणालाच ठाऊक नाही. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून मागे कुणी बसतच नाही.