'हे बघ' म्हणण्यामागचा इतिहास

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस स्टेशनात गाडगेबाबांचं कीर्तन झालं. पुढच्या सहा आठवड्यांत, २० डिसेंबरला, बाबा गेले. त्यांचं ते अखेरचं गाजलेलं कीर्तन कुणीतरी ध्वनिमुद्रित करून ठेवलं, हे आपलं नशीब. आज ते यूट्यूबवर आहे. चित्र हलत नाही, बाबांचा फोटो नुसता समोर राहतो आणि आवाजात खरखर आहे. तरी वर्षाकाठी एकदा तरी ते कुणाकडून मोबाइलवर येतंच. खाली मोजून दोन शब्द : 'हे ऐक.'

कीर्तनाची रीत अशी की बाबा प्रश्न विचारणार आणि समोरच्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर देता देता माणूस स्वतःलाच हसायला लागतो. सत्यनारायणाच्या पोथीत बुडालेली नाव वर येते ना? मग लढाईत समुद्राच्या तळाशी गेलेल्या बोटी काढायला सत्यनारायण घाला की! लोक खळखळून हसतात, आणि घरी जाताना पूजेच्या खर्चाचा हिशेब डोक्यात घोळत राहतो. हा प्रकार जुना आहे. एकनाथांच्या भारुडापासून तमाशातल्या बतावणीपर्यंत आपल्याकडे विचार बहुतेक वेळा हसण्याच्या पाठुंगळी बसूनच आला. मात्र भारूड दुसऱ्याला दाखवायचं तर त्याला हाताला धरून भारुडापर्यंत न्यावं लागे. भारूडच उचलून त्याच्या घरी नेता येऊ लागलं ते गेल्या पन्नासेक वर्षांत. त्या नेण्याला काय किंमत पडत होती, यावर काय नेलं जाईल हेही ठरत गेलं.

कॅसेटच्या काळात ही किंमत चांगली घसघशीत होती. पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांच्या कथाकथनाच्या कॅसेट मध्यमवर्गीय घरांत नांदत होत्या. त्याआधी शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथा सांगून लोकांना ऐकायची गोडी लावलीच होती. ज्याच्याकडे दोन कॅसेट बसणारा टेपरेकॉर्डर, तो गल्लीतला मोठा माणूस. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला बहुतेक यंत्रांवर साठ मिनिटंच लागत, आणि तेवढा वेळ घरात भांडं पडलेलं चालत नसे. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. एवढी उस्तवार करून माणूस दुसऱ्याला फालतू काही देत नसे. आमच्याकडच्या एका कॅसेटवर काकांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'बाजू ब. सुरुवातीला खरखर आहे, नंतर ठीक. रेडा येईपर्यंत थांब.' रेडा कुठल्या कथेत येत होता ते आता आठवत नाही. ती चिठ्ठी आठवते.

हलत्या चित्राची वाटावाट व्हीएचएसच्या, म्हणजे घरच्या व्हीसीआरवर चालणाऱ्या, फितीवरून सुरू झाली. तिचा एक नमुना अमेरिकेतला आहे. १९९५ मध्ये ब्रायन ग्रेडन या टीव्ही कंपनीतल्या अधिकाऱ्यानं ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन या दोन तरुणांकडून नाताळच्या शुभेच्छापत्रासारखी एक वाह्यात कार्टूनफीत करून घेतली आणि ओळखीच्यांना पाठवली. त्यांनी ती उतरवून पुढे दिली, त्यांच्याकडून आणखी पुढे गेली, मग ती इंटरनेटवरही पोचली. त्या फितीतून १९९७ मध्ये 'साउथ पार्क' ही मालिका उभी राहिली. म्हणजे निदान एकदा तरी मित्रांच्या हातांनी टीव्ही वाहिनीच्या आधी निवड केली.

ईमेलनं हे काम हलकं केलं, पण फार नाही. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या हातून. पुढच्या वर्षी हॉटमेल आलं. त्याच्या फुकट खात्यात सगळी मिळून दोन एमबी जागा होती. आज एखादा साधा फोटोही याहून मोठा असतो. त्या सुमारास लंगोटातलं एक नाचरं बाळ, संगणकावर तयार केलेलं, जगभरच्या टपालपेट्यांतून फिरलं. ते पोचलं याचं मोठं कारण, ते काही सेकंदांचं आणि लहान होतं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसलेला माणूस अर्ध्यावर आलेली फाइल बघत 'आली, आली' म्हणत असे, आणि वीज जाई.

ही जागेची अडचण यूट्यूबच्या जन्मकथेतही आहे. चॅड हर्ली, स्टीव्ह चेन आणि जावेद करीम हे तिघे पेपाल कंपनीतले सहकारी. १४ फेब्रुवारी २००५ रोजी त्यांनी संकेतस्थळाचं नाव नोंदवलं. आधीची कल्पना जोडीदार शोधणाऱ्यांनी आपापले व्हिडिओ टाकावेत अशी होती. ती कुणी मनावर घेतली नाही. करीमनं पुढे सांगितलेलं कारण जास्त पटतं. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीची लोकांनी टिपलेली दृश्यं त्याला इंटरनेटवर धड सापडत नव्हती. ती होती, पण कुणाच्या कॅमेऱ्यात आणि कुणाच्या संगणकात, ते कळायला मार्ग नव्हता. २३ एप्रिल २००५ रोजी पहिला व्हिडिओ चढला : सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा करीम, १९ सेकंद. त्यात तो हत्तींच्या सोंडा लांब असतात असं सांगतो. इतकी साधी सुरुवात असलेला धंदा दीड वर्षात गूगलनं १६५ कोटी डॉलरना घेतला.

माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत बोलका व्हिडिओ मे २००७ मधला आहे. इंग्लंडमधल्या एका घरात धाकटा मोठ्याचं बोट चावतो, मोठा कळवळतो, आणि धाकटा हसतो. बस. मुलांच्या वडिलांना तो अमेरिकेतल्या, मुलांच्या धर्मपित्याला (गॉडफादरला) दाखवायचा होता. ईमेलमध्ये मावेना, म्हणून यूट्यूबवर ठेवला. एका माणसासाठी ठेवलेलं दार उघडं राहिलं आणि त्यातून कोट्यवधी लोक आत आले. पुढे २०२१ मध्ये त्याची डिजिटल मालकी लिलावात ७ लाख ६० हजार डॉलरच्या वर गेली. आपल्याकडच्या घराघरांत असे चावे रोज निघतात. अमेरिकेतल्या आत्याला पाठवायचे तेही याच कारणानं आणि याच वाटेनं जात होते.

याच वेळी विचाराचीही सोय झाली. टेड ही परिषद १९८४ पासून होती, पण तिचं दार महागडं, निमंत्रितांसाठी. जून २००६ मध्ये तिनं सहा भाषणं फुकट इंटरनेटवर टाकली. त्यात सर केन रॉबिन्सन यांचं शाळा मुलांची सर्जनशीलता कशी मारतात यावरचं भाषण होतं. ते पुढे टेडच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या भाषणांत गेलं. ते पुन्हा बघताना जाणवतं की माणूस पहिली काही मिनिटं नुसता हसवतो. सभागृह सैल झाल्यावर मुद्दा येतो. कीर्तनातला आख्यानाचा बेत वेगळा काय असतो? हे भाषण मराठी मास्तरांच्या, पालकांच्या गोतावळ्यात खूप फिरलं, मथळ्यावर 'प्रत्येक शिक्षकानं बघावं' असं लिहून. बघून वर्गात काय बदललं, तो निराळा विषय.

यूट्यूबनं मार्च २००६ मध्ये दहा मिनिटांची मर्यादा घातली. लोक अख्खे सिनेमे आणि मालिका चढवत होते, त्याला आळा घालायला. तिचा आपल्याकडे गमतीशीर परिणाम झाला. पु. लं.चं कथाकथन आलं ते 'भाग १', 'भाग २' असं कापून, आणि नेमका भाग ३ कुठे मिळायचा नाही. विनोदाचा ठोसा भाग ३ मध्ये असे. २०१० मध्ये मर्यादा पंधरा मिनिटांवर गेली आणि त्याच वर्षाच्या शेवटी उठू लागली.

गावाकडे मात्र इंटरनेटची वाट बघत कुणी थांबलं नव्हतं. एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात 'मेमरी कार्ड भरून मिळेल' अशी पाटी असे. वीस-तीस रुपयांत दुकानदार गाणी, विनोदी तुकडे आणि एखाद्या महाराजांचं कीर्तन टाकून देई. त्यातलं काय चांगलं हे त्यालाच विचारायचं. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं आणि चेहरे चौकटी-चौकटींचे, तरी ब्लूटूथवरून ते शेजारच्याला देताना दोन फोन एकमेकांजवळ धरून पाच मिनिटं बसावं लागे. ती पाच मिनिटं गप्पांची. या दुकानदारांची दखल कुणी घेतली नाही, पण एका पिढीच्या आवडीनिवडीचे संपादक तेच होते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं, आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत डेटा फुकट होता. दुकानदाराचं कार्ड तिथेच संपलं. त्याच वर्षी सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 'भारतीय डिजिटल पार्टी', म्हणजे भाडिपा, ही यूट्यूब वाहिनी सुरू केली. मराठी मध्यमवर्गीय घरातल्या आई-मुलांच्या संवादावरचे त्यांचे व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर आईनंच टाकले, 'मी अशी नाहीये' अशी टीप जोडून. नाट्यगृहात तिसऱ्या घंटेची वाट न बघता मराठी विनोद आधी फोनवर यायला लागला, आणि त्याला तिकीट नव्हतं.

फुकटचं हे पसरणं कामाचं ठरल्याची एक गोष्ट जुलै २०१७ मधली. मुंबईतल्या आरजे मलिष्का यांनी तेव्हा गाजत असलेल्या 'सोनू' या गाण्याच्या चालीवर खड्डे आणि तुंबणाऱ्या पाण्याबद्दल महापालिकेवर विडंबनगीत केलं. ते बघता बघता घरोघर पोचलं. पाठोपाठ पालिकेच्या पथकाला त्यांच्या आईच्या घरी डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली. विडंबनाला इतकी मनापासून दाद क्वचित मिळते.

पण वर्षभरानं याच फुकटपणाची दुसरी बाजू समोर आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा इथं जमावानं मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा त्या काळात देशभर मोबाइलवरून फिरत होत्या. त्यांच्याबरोबर फिरलेला एक व्हिडिओ मूळचा कराचीतला. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागृती करण्यासाठी केलेला, अभिनीत. त्यात मोटारसायकलवाले मूल उचलतात आणि शेवटी परत आणून संदेशाचा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला. विचार करायला लावण्यासाठी केलेली गोष्ट, अर्धी झाल्यावर, भीती घालणारी झाली. कॅसेटच्या काळात शेवट कापणाऱ्याला निदान एक तास बसावं लागलं असतं आणि गल्लीला त्याचं नाव माहीत असतं.

त्या जुलैत व्हॉट्सअॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण लागू लागली. जानेवारी २०१९ मध्ये ती मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, महासाथीत, खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं ठरलं. त्यानंतर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनं सांगितलं. एका अर्थी कंपनीनं दुहेरी टेपरेकॉर्डरवरचा तास थोडासा परत आणला.

यूट्यूबनं मात्र उलटी दिशा धरली होती. २०१२ पासून तिथे किती जणांनी उघडलं यापेक्षा किती वेळ बघितलं याला वजन मिळू लागलं, आणि जानेवारी २०१८ मध्ये कंपनीचे नील मोहन यांनी सांगितलं की बघितल्या जाणाऱ्या वेळेपैकी ७० टक्क्यांहून अधिक वेळ यंत्रानं सुचवलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे 'हे बघ' म्हणणारा आता बहुतेक वेळा माणूस नसतो. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली तेव्हा शेतातून, गोठ्यातून, चुलीपुढून व्हिडिओ करणारे कितीतरी मराठी चेहरे एका रात्रीत बेघर झाले. महिन्याभरात इन्स्टाग्रामचे रील्स, पाठोपाठ यूट्यूबचे शॉर्ट्स आले आणि ते तिकडे गेले. तिथे पुढचा व्हिडिओ कुणी पाठवावा लागत नाही, अंगठा वर केला की येतो.

काका आता ऐंशीच्या घरात आहेत. मागच्या महिन्यात त्यांनी ग्रुपवर ते वांद्र्याचं कीर्तन टाकलं. वर पुढे पाठवल्याची खूण होतीच, पण खाली त्यांनी स्वतः टाइप केलं होतं, जोडाक्षरं चुकवत : 'पूर्ण ऐकले आहे. आवाज खराब, हेडफोन लावा. बोटी येईपर्यंत थांबा.'