टाकी शेवटची कधी धुतली होती?

वीजबिलाला तारीख असते, गाडीच्या विम्याला असते, घरपट्टीला असते. ती चुकली की दंड बसतो, निदान मोबाइलवर मेसेज तरी येतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या वतीने मात्र कोणी मेसेज पाठवत नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालणं, कुकरची रिंग बदलणं, पंख्याची पाती पुसणं, गावाकडच्या मावशीला फोन करणं ही सगळी पुन्हा पुन्हा करावी लागणारी कामं. पण 'आजच कर' असं त्यातलं एकही म्हणत नाही. नाशिकमध्ये पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येऊ लागलं की घरोघरी विषय निघतो, टाकी शेवटची कधी धुतली होती? 'आत्ताच तर धुतली, दिवाळीला,' असं कोणीतरी ठामपणे सांगतं. कोणत्या दिवाळीला, यावर मग वाद होतो.

या ठामपणावर विश्वास ठेवू नये, याला जुना पुरावा आहे. अमेरिकेत जनगणना विभागाचे लोक घरमालकांना विचारत असत, गेल्या काही महिन्यांत घराच्या दुरुस्तीवर किती खर्च केलात? जॉन नेटर आणि जोसेफ वाक्सबर्ग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये या उत्तरांतल्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विचारलेल्या मुदतीच्या आधी झालेली दुरुस्तीही लोक त्या मुदतीत ढकलत होते, आणि काम जितकं मोठं तितकी ही ओढाताण जास्त. याला टेलिस्कोपिंग म्हणतात. आठवण लख्ख असली की ती घटना अलीकडची वाटते. टाकी धुताना दिवस मोडलेला असतो, कपडे भिजलेले असतात, जिन्यात पाणी आल्यावरून शेजाऱ्यांशी कुरबुर झालेली असते. इतकी ठसठशीत आठवण 'आत्ताची' वाटणारच. म्हणजे ज्या कामांत आपण सर्वात जास्त घाम गाळतो, त्यांचीच तारीख डोकं सर्वात जास्त पुढे ओढतं.

दुसरी अडचण स्मरणशक्तीच्या वेगळ्याच कप्प्यात आहे. पुढे करायचं काम वेळेवर आठवणं याचा मानसशास्त्रात स्वतंत्र अभ्यास होतो. गाइल्स आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९० मध्ये यात दोन प्रकार मांडले. एक, काहीतरी दिसल्यावर आठवायचं काम: औषधांचं दुकान दिसलं की गोळ्या घ्यायच्या. दुसरं, वेळेवरून आठवायचं: दहा मिनिटांनी गॅस बंद करायचा. दुसरा प्रकार जास्त अवघड, कारण त्यात आठवण करून देणारं बाहेर काही नसतं, मनालाच अधूनमधून घड्याळाकडे डोकवावं लागतं. तारीख नसलेल्या कामांत तर घड्याळही नाही आणि दुकानही नाही. राहून जातात यात आळसाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी असावा, असं माझं मत.

यावर सगळे सांगतात तो उपाय म्हणजे फोनमध्ये रिमाइंडर लावणे. टाकी, दर सहा महिन्यांनी, रविवार, सकाळी नऊ. नेमका त्या रविवारी लग्नाला सिन्नरला जायचं असतं. मग 'नंतर आठवण कर', पुन्हा 'नंतर', आणि थोड्याच दिवसांत यादीत दहा-बारा लाल ओळी. ही थकबाकी खोटी आहे, कारण ती तारीख मुळात आपणच हवेतून काढलेली होती. खोट्या लाल रंगाची डोळ्यांना सवय झाली की खरा लालही दिसेनासा होतो; अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांना सतत वाजणाऱ्या यंत्रांबाबत हाच त्रास होतो आणि तिथे तो जिवावर बेततो.

मग करायचं काय? याचा सर्वात कसून विचार घर सांभाळणाऱ्यांनी नव्हे, विमानं सांभाळणाऱ्यांनी केला आहे. नाशिककरांना हा विषय लांबचा नाही. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिगसाठी उभा राहिला, आणि आज सुखोईचं ओव्हरहॉल तिथेच होतं. विमानाच्या बाबतीत जुनी समजूत सरळ होती: प्रत्येक भागाचं एक आयुष्य असतं, तितके तास भरले की तो उतरवायचा, उघडायचा, नवा करायचा. युनायटेड एअरलाइन्सच्या स्टॅनली नोलन आणि हॉवर्ड हीप यांनी अमेरिकी संरक्षण खात्यासाठी १९७८ मध्ये एक अहवाल लिहिला आणि ही समजूत मोडीत काढली. त्यांनी तपासलेल्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भाग वयानुसार झिजून बिघडत होते. उरलेल्या ८९ टक्क्यांना ठरावीक तासांनी उघडून काहीच साधत नव्हतं. उलट ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका सर्वात जास्त असे तो बसवल्या-बसवल्या, आणि नंतर खाली येऊन स्थिर होई. म्हणजे चांगला चाललेला भाग उघडून पुन्हा बसवणं हेच एक संकट. डीसी-८ विमानाच्या जुन्या वेळापत्रकात ठरावीक तासांनी ओव्हरहॉल करायचे ३३९ भाग होते. नव्या विचाराने आखलेल्या, त्याहून मोठ्या डीसी-१० मध्ये ते उरले ७.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांनी मेंटेनन्समध्ये दिवस काढलेत, त्यांना यातून आलेला नियम माहीत असतो. बिघाड एकदम होत नाही. आधी काहीतरी खूण दिसते, बेअरिंग गरम होतं, आवाज बदलतो, तेलात कण येतात. पहिली खूण दिसल्यापासून मशीन बंद पडेपर्यंत जो काळ जातो, त्याच्या साधारण निम्म्या अंतराने पाहणी करायची. काम किती दिवसांनी करायचं हे ठरवायचं नसतं, किती दिवसांनी *बघायचं* हे ठरवायचं असतं.

इन्व्हर्टरची बॅटरी हे याचं घरातलं उत्तम उदाहरण. ट्युब्युलर बॅटरीच्या प्रत्येक झाकणातून एक बारीक कांडी वर आलेली दिसते. ती आतल्या पाण्यावर तरंगते, आणि पातळी उतरली की खाली जाते. चार्जिंग होताना पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन होऊन ते उडून जातं; उष्णतेने हे वाढतं, वीज वारंवार गेली की आणखी वाढतं. म्हणून उन्हाळ्यातले दोन महिने आणि थंडीतले दोन महिने बॅटरीच्या लेखी सारखे नसतात. पातळी शिशाच्या पट्ट्यांच्या खाली गेली तर उघड्या पडलेल्या भागावर सल्फेटचा कडक थर बसतो, आणि मग वरून कितीही डिस्टिल्ड वॉटर ओता, तो भाग पुरता पूर्ववत होत नाही. कांडी बघायला पाच सेकंद लागतात. बघणं स्वस्त आणि चुकणं महाग असेल तिथे बघणंच वाढवावं.

निफाड-दिंडोरीचा द्राक्षबागाईतदार हेच रोज करतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर फुटवे निघतात आणि डाऊनी या पानांवरच्या रोगाची धास्ती सुरू होते. डाऊनीला पानावर ओल लागते. पानाच्या खालच्या बाजूच्या छिद्रांतून डाऊनी आत शिरते. भुरी या दुसऱ्या रोगाला अशी ओल लागत नाही. शिवाय कालची फवारणी कालच्या पानांवर असते, आज उमललेलं पान उघडंच. त्यामुळे 'दर आठवड्याला एक फवारणी' हे गणित पावसात अपुरं आणि कोरड्या हवेत उधळपट्टीचं. काही बागांत आता पान किती वेळ ओलं राहिलं हे मोजणारे सेन्सर बसले आहेत, पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामानावरून सल्ले देतं. फवारणीची तारीख अशी पानावरच ठरते. (आपला सिंहस्थही 'दर बारा वर्षांनी' म्हणतो खरा, पण तो गुरू सिंह राशीत आला की भरतो. गुरूची प्रदक्षिणा ११.८६ वर्षांची, म्हणून हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराच वर्षांनी, २०२१ मध्ये आला.)

काही कामांना मात्र वार बांधून द्यावाच लागतो. आरोग्य खातं 'आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा' म्हणतं ते उगाच नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली दर सात दिवसांनी रिकामी केली की साखळी तुटते; पंधरा दिवसांनी केली तर मधे एक पिढी उडून गेलेली असते. नुसतं ओतूनही भागत नाही, घासावं लागतं. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. इथे सात हा आकडा डासाने ठरवला आहे, म्हणून तो पाळायचा.

उरलेल्या ढिगासाठी संगणकाची एक युक्ती घरात चालते. संगणकात महत्त्वाची कामं सतत पुढे घुसली तर एखादं किरकोळ काम कायमचं रांगेत राहतं. एमआयटीतला आयबीएम ७०९४ हा संगणक १९७३ मध्ये बंद केला तेव्हा १९६७ पासून ताटकळलेलं एक काम त्यात सापडलं, असा किस्सा पाठ्यपुस्तकांत सांगतात. खरा की रचलेला, देव जाणे. उपाय असा, की थांबून जितका वेळ झाला तितकं त्या कामाचं वजन वाढवत न्यायचं. घरी याचा हिशेब सोपा आहे. शेवटचं केल्यापासून गेलेला काळ भागिले त्या कामाचं नेहमीचं अंतर. टाकी सहा महिन्यांची, होऊन आठ महिने झाले: १.३३. बॅटरी दोन महिन्यांची, बघून तीन झाले: १.५. दिवस टाकीचे जास्त, पण आधी बॅटरी. एकाच्या आतलं काहीही डोक्यात ठेवायचं नाही. आणि पुढचं अंतर मोजायचं ते काम प्रत्यक्ष झालं त्या दिवसापासून, व्हायला हवं होतं त्या दिवसापासून नाही. नाहीतर उशिरा धुतलेली टाकी लगेच पुन्हा धुण्याच्या यादीत येते.

मावशीचा फोन या हिशेबात बसवायला मन तयार होत नाही, तरी बसवावा. सुखाची कामंही मुदत नसली की मागे पडतात. सुझान शू आणि उरी नीझी यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काहींना तीन आठवड्यांच्या मुदतीची खाऊची कुपनं मिळाली, काहींना दोन महिन्यांच्या. जास्त मुदतीची कुपनं जास्त वापरली जातील असा लोकांचाच अंदाज होता, झालं उलटं. बाहेरगावचा पाहुणा आल्याशिवाय पांडवलेणी न चढणाऱ्या नाशिककराला हे समजावून सांगायला नको.

या सगळ्याला लागतो फक्त शेवटच्या वेळेचा भरवशाचा पुरावा, आणि तो वस्तूवरच असलेला बरा: टाकीवर मार्करने, बॅटरीवर चिकटपट्टीवर, वॉटर प्युरिफायरच्या आतल्या झाकणावर. तारखेपुढे काय सापडलं तेही लिहावं. 'गाळ बोटभर' असं दोनदा लिहिलं गेलं तर सहा महिन्यांचे चार करावेत. 'तळ स्वच्छ' असं दोनदा आलं तर आठ.