यूप्पी!: संघ गेला, शुभंकर राहिला

२९ सप्टेंबर २००४. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात ऑलिंपिक स्टेडियमवर एक्स्पोज या बेसबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. संघ वॉशिंग्टनला जाणार, ही घोषणा त्याच दिवशी झाली. निरोप द्यायला तीस हजारांहून जास्त लोक आले आणि संघ ९-१ असा हरला. शहराचा दुसरा आधार म्हणजे बर्फावरची हॉकी, पण तिथेही मालक आणि खेळाडूंच्या वादात दोन आठवड्यांपूर्वीच टाळेबंदी सुरू झाली होती. पुढे तो अख्खा मोसम रद्द झाला. हॉकीवर जीव टाकणाऱ्या शहराचा तो हिवाळा सुना गेला.

एक्स्पोजचे खेळाडू गेले, नावही गेलं. मागे राहिला तो त्यांचा शुभंकर, म्हणजे मैदानात प्रेक्षकांना हसवणारा वेशधारी प्राणी: नारिंगी केसांचा, ढेरपोट्या, थोराड यूप्पी!. आज तो मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या हॉकी संघाचा शुभंकर आहे. तिथवर तो कसा पोचला हे समजून घ्यायचं तर १९७८ पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाने 'फिली फनॅटिक' नावाचा हिरवा, लांब नाकाचा प्राणी मैदानात आणला आणि तो बघताबघता लोकांचा लाडका झाला. तो घडवला होता बॉनी एरिकसन आणि वेड हॅरिसन यांनी. एरिकसन मूळच्या टीव्हीवर गाजलेल्या 'मपेट्स'च्या बाहुल्या घडवणाऱ्या, त्यातली डुकरीण मिस पिगी त्यांचीच. मॉन्ट्रियलने त्याच मोसमात स्वतःचा 'सूकी' नावाचा शुभंकर उतरवला होता. त्याचं डोकं बेसबॉलच्या चेंडूसारखं होतं. तो काही लोकांना रुचला नाही आणि एका मोसमात गुंडाळला गेला. मग १९७९ मध्ये एरिकसन यांचा यूप्पी! आला. मला वाटतं, फरक डोक्यात होता. चेंडूला माया लावता येत नाही, केसाळ ढेरपोट्याला येते. फ्रेंचमध्ये 'यूप्पी' म्हणजे आनंदाची आरोळी, आपल्या 'हुर्रे'सारखी. नावातलं उद्गारचिन्ह नावाचाच भाग आहे, ते गाळायचं नसतं. फ्रेंच आणि इंग्रजी अशा दोन भाषांत वाटल्या गेलेल्या त्या शहरात यूप्पी! बोलत नव्हता, त्यामुळे तो दोघांचाही झाला.

त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत गाजलेली रात्र २३ ऑगस्ट १९८९ ची. समोर लॉस एंजेलिस डॉजर्स. बेसबॉलमध्ये निकाल एरवी ९ डावांत लागतो, बरोबरी असेल तर खेळ पुढे चालतो. त्या रात्री ११ व्या डावातही दोन्हीकडे भोपळाच होता. यूप्पी! डॉजर्सच्या डगआउटच्या, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बैठकीच्या, छतावर चढला, धावत येऊन त्याने धाडकन उडी मारली. खाली बसलेल्यांच्या डोक्यावर तो केवढा दणका! डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लासोर्डा आधीच वैतागलेले, ते तडक पंचांकडे गेले आणि पंच बॉब डेव्हिडसन यांनी यूप्पी!ला मैदानाबाहेर काढलं. मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या सामन्यातून पंचांनी शुभंकराला हाकलण्याची ही पहिलीच वेळ. नंतर त्याला परत येऊ दिलं, पण घरच्या डगआउटच्या छतापुरतंच. सामना २२ डाव चालला. सहा तास उलटून गेल्यावर रिक डेम्पसीच्या होम रनवर (चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवून मिळालेल्या धावेवर) डॉजर्स १-० ने जिंकले. हरलेल्या संघाचे लोकही आज त्या रात्रीची आठवण काढतात ती यूप्पी!च्या नावाने.

एक्स्पोजची वाताहत पुढच्या दशकात सुरू झाली. १९९४ मध्ये ७४ विजय आणि ४० पराभव अशी लीगमधली सर्वोत्तम कामगिरी सुरू असताना खेळाडूंच्या संपाने मोसम बुडाला. चांगले खेळाडू एकेक करून गेले, स्टेडियम ओस पडलं आणि २००२ मध्ये संघाची मालकी खुद्द लीगकडे गेली. २००५ मध्ये संघ वॉशिंग्टनला 'नॅशनल्स' झाला. तिथे त्यांनी नवा गरुड आणला. यूप्पी! त्यांच्यासोबत गेला नाही.

हॉकीत शुभंकर तसा उशिरा आला. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगमधला पहिला म्हणजे १९८३ चा कॅलगरी फ्लेम्सचा कुत्रा, हार्वी. एडमंटनच्या संघामागे उभा राहून तो चिडवत होता म्हणून २००३ मध्ये त्या संघाचे प्रशिक्षक क्रेग मॅकटॅविश यांनी त्याची लोंबणारी कापडी जीभच उपटून प्रेक्षकांत भिरकावली होती. कॅनेडियन्सना मात्र असलं काही कधी लागलंच नव्हतं. १९०९ मध्ये स्थापन झालेला, हॉकीचा सर्वोच्च चषक स्टॅनली कप २४ वेळा जिंकलेला हा संघ. इतकी वर्षं त्यांनी शुभंकर ठेवला नाही. अशा घराण्याने १६ सप्टेंबर २००५ रोजी, टाळेबंदी सुरू झाली त्याला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, यूप्पी!ला आपलंसं केलं. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत एका लीगमधून दुसऱ्या लीगमध्ये गेलेला तो पहिला शुभंकर. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. त्यांना कुठलाही नवाकोरा प्राणी शिवून घेता आला असता. त्यांनी दुसऱ्या खेळाचं पोरकं झालेलं लेकरू घरात घेतलं.

१८ ऑक्टोबर २००५ रोजी कॅनेडियन्सच्या बेल सेंटर या स्टेडियममध्ये तो पहिल्यांदा हॉकीच्या प्रेक्षकांसमोर आला. त्याच संध्याकाळी एक्स्पोजच्या खेळाडूंच्या सन्मानार्थ कायमचे राखून ठेवलेले क्रमांक एका फलकावर लिहून छताला चढवले गेले: गॅरी कार्टरचा ८, टिम रेन्सचा ३० आणि रस्टी स्टॉब व आंद्रे डॉसन या दोघांचा १०. ज्यांचा संघच उरला नव्हता त्यांचे आकडे हॉकीच्या छताखाली, आणि यूप्पी! कॅनेडियन्सच्या जर्सीत. त्याच्या पाठीवर आकडा नाही. तिथे फक्त उद्गारचिन्ह आहे.